मानेखाली औषध, मानेवर उपदेश

मामा आले की आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरी मटण शिजतं. त्या रविवारीही शिजलं. ताटावर बसण्यापूर्वी मामांनी शर्टाच्या खिशातून एक पाकीट काढलं आणि साखरेची गोळी घेतली. मग तांबड्या रश्श्याच्या तीन वाट्या झाल्या. कपाळावरून घाम निथळायला लागला, कानशिलं लाल झाली, नाक वाहायला लागलं. टॉवेलनं तोंड पुसून गाडी पांढऱ्या रश्श्यावर आली. हात धुतल्यावर खिशातून दुसरं पाकीट निघालं. ही गोळी बीपीची. ती गिळून मामांनी ढेकर दिला आणि समोर बसलेल्या माझ्या धाकट्या भावाकडं बघितलं. त्याच्याही तळहातावर एक गोळी होती. लिथियमची.

"आरं, त्या डोक्याच्या गोळ्या सोड बघू आदी," मामा म्हणाले. "सवय लागती त्येची. मानसाचं मन खंबीर पायजे. ह्यो सगळा मनाचा खेळ हाय."

भाऊ काही बोलला नाही. गोळी मुठीत दाबून तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यानं ती गिळली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या आजाराची गोळी, चोरून.

मी २८ वर्षं अकरावी-बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं. मला मामांचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग आला तो त्या वाक्याचा. कारण ते एकट्या मामांचं नाही. ते महाद्वार रोडवर ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, सकारात्मक विचारांच्या शिबिरात माईकवरून ऐकू येतं. शिकल्यासवरलेल्या तोंडून तर ते जरा जास्तच ठासून येतं. हे निव्वळ अज्ञान आहे, आणि अज्ञानानं अनुभवाचा फेटा बांधून मिरवावं याची मला चीड आहे.

मामांनी त्या एका तासात काय काय केलं ते आता बघा.

तांबड्या रश्श्यातली मिरची. तिच्यातलं कॅप्सायसिन जिभेतल्या चेतातंतूंच्या टोकांवर असलेला एक सूक्ष्म दरवाजा उघडतं. टीआरपीव्ही-१ हे त्याचं नाव. एरवी हा दरवाजा ४३ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेनं उघडतो. मिरची तो थंड जिभेवरही उघडते, सोडियम आणि कॅल्शियमचे आयन आत घुसतात, आणि मेंदूला वर्दी जाते की तोंड भाजलं. डेव्हिड ज्युलियस यांनी हा दरवाजा १९९७ मध्ये शोधून काढला आणि त्यासाठी २०२१ चं नोबेल घेतलं. मामांनी तो त्या दुपारी तीन वाट्यांनी उघडला.

साखरेची गोळी. ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडातल्या पेशींवरचा पोटॅशियमचा दरवाजा बंद करते. तो बंद झाला की पेशीचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियमचा दरवाजा उघडतो आणि इन्सुलिन बाहेर पडतं. बीपीची गोळी. अम्लोडिपिन. ती रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंचा कॅल्शियमचा दरवाजा अडवते, स्नायू सैलावतात, दाब उतरतो. आणि गेल्या उन्हाळ्यात मामांची दाढ काढली तेव्हा हिरडीत टोचलेलं लिग्नोकेन? ते सोडियमचा दरवाजा बंद करतं. वेदनेची वर्दी मेंदूपर्यंत जातच नाही.

जीभ, स्वादुपिंड, रक्तवाहिनी, दाढ. चार जागा, चार दरवाजे. शास्त्रात यांना आयन चॅनेल म्हणतात. यातल्या एकाही जागी मामांना मन खंबीर करावंसं वाटलं नाही. दाढ उपटताना ते डॉक्टरला म्हणाले का, की सुई राहू द्या, हा सगळा मनाचा खेळ आहे? रक्तदाब १७० वर गेला तेव्हा त्यांनी धमन्यांना उपदेश केला का? नाही. मुकाट्यानं गोळी घेतली, आणि बरोबर केलं. मग मेंदूच्या पेशींनीच असं काय घोडं मारलंय? दरवाजे त्याच जातीचे, सोडियम तेच, पोटॅशियम तेच, कॅल्शियम तेच. मानेखाली औषध चालतं आणि मानेच्या वर गेलं की उपदेश सुरू! ही सीमारेषा कुणी आखली? शरीरशास्त्रात ती कुठंही नाही. ती लाजेनं आखलेली आहे.

कोल्हापूरच्या माणसाला आयन चॅनेल समजावून द्यायला विलायती दाखला लागत नाही. आपल्याकडं राधानगरी आहे. शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. बटण दाबायला कुणी लागत नाही. पाणी ठरल्या पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो, एकेका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत पडतं, आणि पातळी उतरली की तो आपोआप मिटतो. चेतापेशीचं असंच आहे. शांत असताना तिच्या आतला विद्युतदाब बाहेरच्या मानाने उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. संदेश आला की तो चढायला लागतो. उणे ५५ च्या आसपास तिची धोक्याची पातळी. पंचगंगेची जशी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, तशी. ती ओलांडली की सोडियमचे दरवाजे धडाधड उघडतात, साधारण एका मिलिसेकंदात मिटतात, मागोमाग पोटॅशियमचे उघडतात आणि पेशी पुन्हा शांत होते. एका दरवाज्यातून सेकंदाला कोटीच्या घरात आयन जाऊ शकतात. तुमचा आनंद, तुमची भीती, आत्ता ही ओळ वाचणं, सगळं या उघडझापेवर चालू आहे. मन कुठं राहतं असं कुणी विचारलं तर मी तरी हाच पत्ता सांगेन.

हे काही कालचं ज्ञान नाही. हॉजकिन आणि हक्स्ले यांनी माकुळाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये याचं गणित मांडलं. नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये एकट्या चॅनेलमधून वाहणारा प्रवाह मोजून दाखवला. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दीकी आणि अमेरिकेतले सीमूर बेंझर यांनी अशा फळमाश्यांवर निबंध लिहिला, ज्या तापमान वाढलं की लुळ्या पडतात आणि उतरलं की उठून बसतात. यातल्या एका जातीत बिघडलेला जनुक सोडियमच्या दरवाज्याचा होता, हे पुढं सिद्ध झालं. त्या पडलेल्या माशीला कुणी 'ऊठ, मन घट्ट कर' म्हटलं नव्हतं. दरवाजा चालू झाला आणि ती उठली.

माझा भाऊ असाच पडायचा. शिवाजी उद्यमनगरात त्याचं छोटं वर्कशॉप आहे, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग करतो. हात इतका सरस की शंभर नगांत एक परत येत नाही. पण आजार उलटला की लेथसमोर स्टूल टाकून वर्निअर हातात धरून तासभर बसून राहायचा. मशीन सुरू करायचा नाही. एकच नग पाच वेळा मोजायचा आणि वहीत आकडा लिहायचा नाही. घरी आला की बूट काढायला पायरीवर बसायचा तो अंधार पडेपर्यंत तिथंच. अधूनमधून याच्या उलट. चार-चार दिवस झोप नाही, तीन नवी मशिनं बुक करायची, रात्री दोनला गिऱ्हाइकाला फोन करायचा. त्याला कुणी आळशी म्हटलं, कुणी उधळ्या म्हटलं. आजारी आहे असं म्हणायला घरच्यांना आठ वर्षं लागली, आणि त्या आठ वर्षांतला माझा वाटा मी नाकारत नाही. भौतिकशास्त्राचा मास्तर असून मीही त्याला 'जरा फिरून ये' म्हणत होतो.

आता मी फक्त मामांवर तुटून पडलो तर ते अर्धवट होईल. दुसऱ्या बाजूलाही एक पोकळ वाक्य आहे, कोट घालून हिंडणारं. 'तुमच्या मेंदूत सेरोटोनिन कमी झालंय, ही गोळी ते भरून काढेल.' टाकीत पाणी कमी झालं, टँकर मागवला. किती सोपं! आणि किती अपुरं!

या वाक्याची एक मुळी आपल्याच मातीत आहे. सर्पगंधा. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरच्या सर्पगंधेच्या चाचणीचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि सगळं जग या झुडपाकडं वळलं. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधेतून काढलेल्या रेसर्पिननं रक्तदाब उतरे, पण काही रुग्ण कमालीचे खिन्न होत. रेसर्पिन मेंदूतला सेरोटोनिनसारख्या रसायनांचा साठा रिकामा करतं, हे त्याच दशकात कळलं. त्याच सुमाराला क्षयरोगावरच्या इप्रोनियाझिडनं रुग्ण खुलतात आणि ते नेमकं हीच रसायनं वाढवतं, हेही दिसलं. दोन बाजूंनी दोन खुणा जुळल्या आणि सिद्धांत उभा राहिला. संशोधकांनी तो अंदाज म्हणून मांडला होता. १९८७ च्या अखेरीस फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत मंजुरी मिळाल्यावर जाहिरातवाल्यांनी त्याचं ब्रह्मवाक्य केलं.

पण त्यात एक भगदाड पहिल्यापासून होतं. गोळी घेतल्यावर सेरोटोनिन काही तासांत वाढतं, आणि माणूस सावरायला दोन ते चार आठवडे लागतात. टाकी पहिल्याच दिवशी भरली, तर नळाला पाणी महिन्यानं का? २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी सगळा पुरावा पुन्हा तपासून सांगितलं की नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेनं होतं याला सुसंगत आधार सापडत नाही. झालं! शिबिरवाल्यांनी टाळ्या पिटल्या. बघा, गोळ्या खोट्या! अरे, कारणाचा सिद्धांत कच्चा निघाला म्हणजे औषधाचा गुण खोटा कसा ठरतो? भूल दिल्यावर पोट फाडता येतं. पोटात भुलीची कमतरता होती असं कुणी म्हणतं का? २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये ५२२ चाचण्यांचा आढावा आला. १ लाख १६ हजारांहून जास्त रुग्ण, २१ औषधं. एकूण एक औषध खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं, कुठलं थोडं, कुठलं अधिक. यात चमत्कार नाही आणि फसवणूकही नाही. मधलं सत्य पचवायला जी बुद्धी लागते ती मात्र टाळ्यांच्या गजरात शिल्लक राहत नाही.

आणि त्याच फ्लुओक्सेटिनची आणखी एक गोष्ट ऐका. सेरोटोनिनच्या पलीकडं जाऊन ते ट्रेक-१ नावाचा पोटॅशियमचा दरवाजाही अडवतं. २००६ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी हा दरवाजाच नसलेले उंदीर तपासले. ते औषधाविना असे वागले, जणू त्यांना नैराश्यावरची गोळी चालू आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला कळतं. पण हिशेब टाकीतल्या पाण्यापुरता नाही, दरवाज्यांचाही आहे, हे त्यातून कळतं.

आता खंबीर मनाची गोष्ट. ही मी खास मामांसाठी राखून ठेवली होती.

तालमीत नवशिक्या पोराला रोज आपल्या दुप्पट वजनाच्या पैलवानाकडून चीत व्हायला लावलं, असे दहा दिवस, तर काय होईल? अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत उंदरांबाबत नेमकं हेच करतात. लहान उंदीर रोज काही मिनिटं एका दांडगट उंदराच्या तावडीत, आणि उरलेला दिवस जाळीपलीकडून त्याचं तोंड बघत. दहा दिवसांनी काही उंदीर पार कोलमडतात. दुसऱ्याच्या जवळ जात नाहीत, गोड पाणीही नकोसं होतं. पण काही उंदीर तितकाच मार खाऊन ताठ राहतात. खंबीर! मिंग-हू हान आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सायन्स या नियतकालिकात या खंबीर उंदरांच्या मेंदूतलं गणित मांडलं. कोलमडलेल्या उंदरांत आनंदाशी निगडित असलेल्या मध्यमेंदूतल्या पेशी अति वेगानं धडधडत होत्या, कारण त्यांच्यातला एक विद्युतप्रवाह वाढला होता. खंबीर उंदरांत तोच प्रवाह कमी असेल अशी कुणाचीही अटकळ. प्रत्यक्षात तो आणखी वाढलेला निघाला! फरक एवढाच की त्यांच्या पेशींत पोटॅशियमचे प्रवाहही वाढले होते आणि त्यांनी ती धडधड काबूत आणली होती.

बघा म्हणजे झालं. मामा ज्या खंबीरपणाच्या नावानं भावाला हिणवतात, तो उंदराच्या डोक्यात पोटॅशियमचे दरवाजे उघडण्यात सापडला. खंबीरपणा ही सज्जनांना मिळालेली पदवी नाही. कुणाच्या पेशी तो आपणहून घडवतात, कुणाच्या घडवू शकत नाहीत, आणि ज्यांच्या घडवू शकत नाहीत त्यांना मदत लागते. मानवात हे अजून पूर्ण सिद्ध व्हायचंय. पोटॅशियमचे असेच दरवाजे उघडणारं इझोगॅबिन हे फिटचं जुनं औषध २०२१ मध्ये नैराश्याच्या ४५ रुग्णांवर तपासलं. लक्षणं कमी झाली, पण मेंदूच्या चित्रणात जो मुख्य बदल अपेक्षित होता तो ठामपणे दिसला नाही, आणि हे औषध तर कातडी निळसर करतं, डोळ्याच्या पडद्याचा रंग बदलतं, त्यामुळं वापर घटून २०१७ मध्येच बाजारातून निघालं होतं. म्हणून उद्या कुणी 'पोटॅशियम उपचार' विकायला आला, चार केळी खा आणि नैराश्य घालवा म्हणाला, तर त्यालाही दारातूनच वाटेला लावा.

केटामिनचं मात्र मोठं आश्चर्य आहे. ऑपरेशन थिएटरात वर्षानुवर्षं वापरलं जाणारं हे भुलीचं औषध. एनएमडीए नावाचा दरवाजा ते मधोमध बूच बसवावं तसं अडवतं. २००० साली येल विद्यापीठात अगदी कमी मात्रेत ते नैराश्याच्या मोजक्या रुग्णांना दिलं, आणि आठवड्यांऐवजी तासांत फरक पडला. २०१८ मध्ये चीनमधल्या हाइलान हू यांच्या गटानं दाखवलं की, नैराश्यासारखी अवस्था असलेल्या उंदरांत, निराशेची वर्दी देणारा मेंदूचा एक चिमुकला भाग झटक्याझटक्यानं पेटत असतो आणि केटामिन ते झटके थांबवतं. या औषधाचा असर थोड्या दिवसांत ओसरतो, व्यसन लागू शकतं, मूत्राशयाची नासाडी होऊ शकते. ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचं. पण इतर औषधांना दाद न देणाऱ्या, मरणाच्या उंबऱ्यावर बसलेल्या माणसाला एका दुपारपुरता का होईना मागं खेचणारं काही जगात आहे, याचं मोल त्याच्या घरच्यांना विचारा.

आणि आता मीठ.

लिथियम हे मूलद्रव्य आहे, आवर्तसारणीत सोडियमच्या थेट वरच्या घरातलं. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी ते उन्मादाच्या रुग्णांवर वापरलं. मूलद्रव्याचं पेटंट कुणाला मिळणार? म्हणून त्याची जाहिरात करायला कुणी धावलं नाही, आणि आजही ते स्वस्त आहे. ते सोडियमच्या दरवाज्यातूनच पेशीत शिरतं, कारण दरवाज्याला ते सोडियमसारखंच भासतं. मूत्रपिंडालाही तसंच भासतं, आणि खरा धोका इथंच आहे. रक्तात त्याची पातळी साधारण ०.६ ते १.० राखायची असते. दीडच्या वर गेली की विषबाधा. औषध आणि विष यांच्यात एवढंच अंतर. अंगात मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवायला लागतं, आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. पातळी चढते. जुलाबानं चढते, उन्हातान्हात पाणी कमी पडलं तर चढते, लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या काही गोळ्यांनी चढते, आयब्युप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी चढते.

तीन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात नात्यातल्या एका बाईंनी भावाला नेम दिला. चार महिने मीठ वर्ज्य. डोकं शांत होईल म्हणे. तो बिचारा प्रत्येकाचं ऐकणारा. अळणी आमटी, अळणी भाजी, आणि लेथवर उभं राहून कंबर धरली की औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी. तिसऱ्या आठवड्यात त्याचा हात थरथरायला लागला. कपातला चहा बशीत सांडायचा. वर्निअरचा जबडा नगावर नीट बसेना. मग उलट्या, मग जीभ जड, मग चालताना भिंत धरायला लागला. घरात सगळे म्हणाले, उपासाचा अशक्तपणा. मीही तेच म्हणालो. रक्त तपासलं तर लिथियम २.१. सलाईन लागलं, दवाखान्यात सहा दिवस राहिला, वाचला. नेम देणाऱ्या बाई भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "बघा, त्या गोळ्यांनीच केलं." मिठाचं नावही नाही! बरं, शिबिरातल्या एका वक्त्यानं त्याला वर्षभर आधी सांगितलं होतं की गोळ्या एकदम बंद करा आणि आरशात बघून मनाला आज्ञा द्या. एकदम बंद केल्यावर आजार दुप्पट जोरानं उसळतो, आत्महत्येचा धोका वाढतो, हे त्या वक्त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटली नव्हती. फी मात्र त्यानं आगाऊ घेतली होती.

मला कुणाच्या उपासाशी वैर नाही. माझ्या आईनं आयुष्यभर सोमवार केले. पण लिथियम घेणाऱ्याला अळणी जेवायला लावणं म्हणजे त्याला विष चारणं आहे, ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी, आणि ती सांगण्यासाठी मी या लेखाची निम्मी जागा देईन.

याहून भयंकर प्रकार आहेत. झपाटलंय म्हणून मिरचीची धुरी देणारे. त्या धुरीनं काय होतं ते आता तुम्हाला ठाऊक आहे. तोच टीआरपीव्ही-१ उघडतो, डोळ्यांत, नाकात, घशात. आजारी माणूस वेदनेनं किंचाळतो आणि मांत्रिक म्हणतो, भूत ओरडलं. दुसऱ्याच्या अंगातला वेदनेचा दरवाजा उघडून पैसे मिळवण्याचा हा धंदा आहे. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं त्यानं गुन्हा ठरवलं. कॉम्रेड गोविंद पानसरेंना गोळ्या घातल्या गेल्या त्या आपल्याच शहरात, १६ फेब्रुवारी २०१५ ला. एवढी किंमत मोजलेल्या गावात आजही धुरी दिली जात असेल आणि शेजारी दार लावून बसत असतील, तर तो शेजाऱ्यांचाही गुन्हा आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. २०१९ च्या महापुरात चिखलीचं, आंबेवाडीचं घर गेलं, जनावरं गेली, ऊस कुजला, आणि तुम्ही पेशींचे दरवाजे मोजताय? दुःखाला कारण आहे, गोळी कशाला? कारण आहेच. नुकसानभरपाई द्या, घर बांधून द्या, कर्ज माफ करा, ते आधी करा. पण पंचगंगा ५५ फुटांवर गेली होती तीही उतरून पात्रात आली. काही माणसांचं पाणी उतरतच नाही. घर उभं राहिलं तरी ती पायरीवरच बसून राहतात. डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्ती चालू असताना राधानगरीचा एक दरवाजा उघडाच अडकला आणि ऐन हिवाळ्यात भोगावतीला लोंढा आला. तेव्हा अभियंते धावले. दरवाज्याला सकारात्मक विचार कर असं कुणी सांगितलं नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. दर २० माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं, आणि नैराश्याच्या दर १०० रुग्णांतले ८५ उपचाराविना राहतात, हा त्याचा निष्कर्ष. मधुमेहाच्या शंभरातल्या ८५ जणांना गोळी मिळाली नसती तर मोर्चे निघाले असते. इथं मोर्चा नाही, कारण रुग्णच लपून बसलाय, स्वयंपाकघरात, मुठीत गोळी दाबून. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं विमा द्यायला हवा. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य, हेही तोच कायदा सांगतो. कायदा मामांच्या पुढं गेला. मामा पंगतीतच बसलेत.

मामांना मी हे सगळं त्या रविवारी सांगितलं. रश्श्यापासून दाढेपर्यंत. ते बराच वेळ गप्प बसले. मग खिशातलं बीपीचं पाकीट काढून चष्मा लावून त्यांनी गोळीचं नाव वाचलं. दहा वर्षांत पहिल्यांदा.

"आनि ह्येची? ह्येची सवय लागत न्हाई व्हय?" त्यांनी विचारलं.

"बंद करून बघा, मामा," मी म्हणालो.

त्यांनी पाकीट परत खिशात ठेवलं.

तुमच्या घरात कुणी पायरीवर बसून राहत असेल, तर त्याला उपदेश करू नका, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. तिथवर पोचता येत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावा. फोन फुकट आहे, रात्रंदिवस लागतो आणि मराठीत बोलता येतं. चालू असलेली गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणी बंद करायला सांगितलं, मग तो मामा असो, महाराज असो की वक्ता, त्याला आधी त्याच्या खिशातली पाकिटं टेबलावर ठेवायला सांगा.